भाड्याच्या घराला चुना कोणी लावायचा?

रमजान ईद जवळ आली की आपल्या मोहल्ल्यांत घरांना चुना लावण्याची घाई सुरू होते. शेजारच्या वाड्यात तीच घाई दसऱ्याआधी असते. घर स्वतःचे असेल तर प्रश्न फक्त पैशांचा असतो. घर भाड्याचे असेल तर त्याआधी दुसरा प्रश्न उभा राहतो : चुना लावायचा कोणी? मालक विचारतो, "भाडे किती देता?" भाडेकरू गप्प बसतो, कारण जास्त बोलले तर "खोली खाली करा" हे उत्तर तयार असते. अखेर घरातलाच एखादा मुलगा बादलीत चुना भिजवतो, त्यात चिमूटभर नीळ टाकतो आणि ईदची सोय होते. छपराचे गळणे, भिंतीची ओल, तुंबलेली मोरी, हलणारा जिना, हे सगळे मात्र पुढच्या वर्षावर जाते.

पुण्याच्या पेठांत तीन-चार पिढ्या हेच चालू आहे. इतिहासाच्या पुस्तकांत वाड्यांच्या बांधणीचे वर्णन येते, बांधणाऱ्या सरदारांची नावे येतात. त्या वाड्यांच्या खोल्यांतून भाड्याने राहिलेल्या माणसांची नोंद क्वचितच होते. रविवार पेठ, भवानी पेठ, नाना पेठ, गंज पेठ, घोरपडे पेठ आणि कॅम्प या भागांत आपला समाज मोठ्या संख्येने भाडेकरू म्हणूनच राहिला. त्यामुळे भाड्याच्या घराच्या डागडुजीचा इतिहास हा आपल्याही घरचा इतिहास आहे.

सरकारी चुना

पुण्यात दुसऱ्याच्या घराला चुना लावण्याचे काम सरकारने एकदा अंगावर घेतले होते. त्याची आठवण कडू आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्च महिन्यात रँडच्या प्लेग समितीने शहरात लष्कराच्या मदतीने घरझडत्या सुरू केल्या. सोल्जर घरात शिरत, रोगी शोधत, सामान बाहेर काढत. मागून जंतुनाशके शिंपडणारी आणि भिंतींना चुना फासणारी माणसे येत. माजघराचा आणि परद्याचा मान राहिला नाही. हा संताप हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत होता. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या चुन्यात एक वेगळी गोष्ट दिसते. दाट वस्तीची, काळोखी, ओलीची घरे हा रोगाचा आसरा आहे, हे सरकारने त्या वेळी मान्य केले. पण घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवले नाही. साथीपुरता चुना लागला, साथ ओसरली आणि भिंती पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या.

तेव्हाचा कायदा काय सांगत होता? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळे काही नसेल तर भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी सांभाळून परत करायची; वापराने होणारी साहजिक झीज तेवढी माफ. मालकाने एखादी दुरुस्ती करण्याचे बंधन पत्करले असेल आणि सांगूनही तो ती करत नसेल, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद त्यात होती. पण बंधन आधी मालकाने पत्करलेले असावे लागे. तोंडी व्यवहाराच्या काळात वाड्यातल्या दोन खोल्यांच्या भाडेकरूला असे कोण लिहून देणार?

फिक्‍हमधले घरभाडे

इथे जरा थांबून आपल्या परंपरेकडे पाहण्यासारखे आहे. घरभाड्याचा करार फिक्‍हमध्ये 'इजारा' या प्रकरणात येतो. इजारा म्हणजे वस्तूच्या उपयोगाची, मनफ़अतीची विक्री. भाडेकरू भिंती विकत घेत नाही. त्या भिंतींच्या आत राहता येण्याची सोय विकत घेतो. ती सोयच नाहीशी झाली तर भाडे कशाचे, असा हा विचार आहे.

तुर्कस्तानच्या उस्मानी सरकारने हनफी नियमांची कलमवार संहिता तयार केली. 'मजल्ला' या नावाने ती प्रसिद्ध आहे. १८६९ ते १८७६ या काळात ती पूर्ण झाली. तिच्यात घरभाड्याविषयी अगदी व्यवहारी कलमे आहेत. घराच्या उपयोगाला बाध येईल अशी मोडतोड दुरुस्त करणे हे मालकाचे काम. मालक नकार देत असेल तर भाडेकरू करार सोडून जाऊ शकतो. मात्र करार करतानाच घर त्या अवस्थेत होते आणि भाडेकरूने ते पाहिले होते, तर मग तक्रारीला जागा नाही. भाडेकरूने मालकाला न विचारता दुरुस्ती केली तर तो त्याचा एहसान ठरतो, पैसे मागता येत नाहीत. मालकाच्या परवानगीने त्याने छपराची कौले बसवली तर खर्च मालकाने द्यायचा, कारण त्याने इमारत वाचते. स्वतःच्या सोयीसाठी त्याने भट्टी दुरुस्त केली तर तो खर्च त्याचा त्याने सोसायचा.

छप्पर मालकाचे, चूल भाडेकरूची. एवढ्या साध्या वाक्यात हा नियम सांगता येईल. हिंदुस्थानात मजल्ला कधी लागू नव्हता; इंग्रजी अमलात घरभाड्याचे खटले १८८२ च्या कायद्याप्रमाणेच चालले. पण आपल्या लोकांना दुरुस्ती मागताना उगाच ओशाळल्यासारखे वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्या फकीहांनी या मागणीला भीक मानलेले नाही, कराराचाच भाग मानले आहे.

भाडे गोठले

घरभाड्यावर सरकारी नियंत्रण आले ते महायुद्धामुळे. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. १९१५ साली तिथल्या कामगार वस्तीतल्या बायकांनी मेरी बार्बर हिच्या पुढाकाराने भाडे देणे बंद केले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. मुंबई इलाख्यात १९१८ साली तसाच युद्धकालीन कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झाले आणि स्वातंत्र्यानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. पुणे शहर पहिल्यापासून त्याच्या कक्षेत होते.

या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली, १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच साधारणपणे 'प्रमाण भाडे' ठरवले आणि भाडेकरूला मनमानी हुसकावण्यापासून संरक्षण दिले. फाळणीनंतरच्या त्या अस्थिर दिवसांत आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांना या संरक्षणाचा आधार मिळाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट कलम २३ ची. भाडेकरूने उलट काही लिहून दिले नसेल, तर जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवण्याचे बंधन आता प्रत्येक मालकावर आले. १८८२ पासून भाडेकरूच्या डोक्यावर असलेले ओझे १९४७ ला मालकाच्या डोक्यावर गेले. कागदावर हा फार मोठा बदल होता.

पण या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालू लागल्या. भाडे १९४० चे आणि चुना, लाकूड, कौले, गवंड्याची मजुरी चालू वर्षाची. कायदा तात्पुरता म्हणून केलेला होता. मुदत वाढवत वाढवत तो पन्नास वर्षे चालला. वर्षभराच्या भाड्यात एका खोलीचे छप्परही शाकारता येत नव्हते. सगळेच मालक काही गडगंज नव्हते. विधवा बाई, निवृत्त मास्तर, चार भावांत वाटलेला वाडा, असेही मालक होते. त्यांनी दुरुस्ती टाळली ती पैसे नव्हते म्हणून. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी ती टाळली, कारण वाडा पडण्यातच त्यांचा फायदा होता. दोघांच्या वाड्यांना पावसाळ्यात सारखीच गळती लागली.

मग भाडेकरूने स्वतः करून घ्यावे, तर तिथेही काटा होता. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले तर तेच कारण दाखवून त्याला बाहेर काढता येत असे. पुण्याच्या लघुवाद न्यायालयात मोरीला कठडा घातला, पत्रा टाकला, मध्ये भिंत घातली, अशा गोष्टींवरून दावे लढले गेले. शेवटी कायद्यातच खुलासा करावा लागला की मधली पडदी, दार, जाळी किंवा स्वयंपाकाचा ओटा, म्हणजे इमारतीला मोठा धक्का न लावता काढता येईल असे काम, 'पक्के बांधकाम' समजले जाणार नाही. स्वयंपाकाच्या ओट्याचे नाव कायद्यात घालावे लागले, यावरूनच तो वाद घराघरांत किती पोहोचला होता हे कळते. खाली बसून स्टोव्हवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला उभ्याने काम करण्यासाठी ओटा हवा होता आणि त्या ओट्यापायी सगळ्या घराचे छप्पर जाण्याची भीती होती.

पानशेत आणि त्यानंतर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. मातीच्या भिंतींचे जुने वाडे त्या पाण्यात विरघळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहराचा नकाशा बदलला. भाडेकरूच्या दृष्टीने पानशेतने एक प्रश्न कायमचा पुढे आणला : घरच पडले तर भाडेकरूचा हक्क उरतो का?

या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे धूसर होते. पुढे केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इमारत नष्ट झाली की भाडेपट्टाही संपतो. २०१४ साली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने पाडलेल्या इमारतीच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हे मत बदलले. इमारत गेली तरी खालची जमीन राहते, म्हणून केवळ इमारत पडली वा पाडली एवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल दिला. मोडक्या वाड्यात पावसाळ्याचे चार महिने जीव मुठीत धरून राहणारी माणसे वेडी नव्हती. बाहेर पडलो की हक्क गेला, ही भीती त्यांना तिथे धरून ठेवत होती.

मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकर घेऊन मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ही व्यवस्था पुढे म्हाडात गेली. तिच्यावर टीका खूप झाली, तरी तक्रार घेऊन जायला एक दार तरी होते. पुण्याच्या वाड्यांना तसे मंडळ मिळाले नाही. इथे पावसाळ्याआधी महानगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, असे ती सांगते. मालक दुसरा पर्याय निवडतो. भाडेकरूला हवा असतो पहिला.

नवा कायदा, जुने गणित

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले की १९४० च्या पातळीवर भाडी गोठवणे सुरुवातीला योग्य असले तरी काळाच्या ओघात ते अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दुरुस्तीचे बंधन आता कलम १४ मध्ये आहे. मालक दुर्लक्ष करत असेल तर भाडेकरूने किंवा सर्व भाडेकरूंनी मिळून किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही काम झाले नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापून घ्यावा. अट एकच : वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका खोलीचे १९८७ सालचे भाडे महिना २० रुपये होते. नव्या कायद्याने त्यात ५ टक्के वाढ धरली, २१ रुपये झाले. पुढे दर वर्षी ४ टक्के वाढ चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे ५६ रुपये होते. वर्षाचे ६७२ आणि त्याचा चौथा हिस्सा १६८ रुपये. एवढ्या पैशांत आज गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही निघत नाही. हक्क आहे, रस्ता आहे, पण त्या रस्त्याने १६८ रुपयांपुढे जाता येत नाही. मराठीत चुना लावणे म्हणजे फसवणे. इथे मालकाला वाटते भाडेकरूने चुना लावला, भाडेकरूला वाटते मालकाने. भिंतीला मात्र कोणीच लावलेला नसतो.

आपणच मालक असतो तेव्हा

मालक नेहमी दुसरा कोणी नसतो. पेठांत आणि कॅम्पात मशिदी-दर्ग्यांच्या वक्फ मिळकती आहेत आणि त्यांच्या खोल्यांत, दुकानांत आपलेच गरीब भाडेकरू राहतात. इथे भाडे मुतवल्ली किंवा ट्रस्टी घेतात. 'हिदाया' या प्रसिद्ध हनफी ग्रंथात वक्फच्या उत्पन्नाबद्दल स्पष्ट नियम आहे : देणाऱ्याने अट घातलेली असो वा नसो, पहिला खर्च त्या मिळकतीच्या डागडुजीवर व्हायला हवा. बाकीचे दानधर्म त्यानंतर. कारण इमारत टिकली तर सवाब चालू राहतो.

ज्या वक्फच्या खोल्यांत पावसाळ्यात घमेली मांडावी लागतात, त्यांच्या ट्रस्टींनी हा नियम वाचावा. मालक हिंदू असला की आपण अन्याय म्हणतो आणि मालक ट्रस्ट असला की सब्र म्हणतो, हे बरोबर नाही. दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षे नाममात्र भाडे देणारा, आतून पोटभाडेकरू ठेवून त्याच्याकडून दहापट घेणारा माणूसही आपल्यातच सापडतो. त्याच्यामुळे वक्फचे उत्पन्न आटते आणि शेजारच्या प्रामाणिक विधवेचे छप्पर गळते.

अकरा महिन्यांचे घर

१९९० नंतर पेठांतली अनेक कुटुंबे कोंढव्याकडे सरकली. पेठेतली जुनी खोली सोडायची नाही म्हणून म्हातारी आई तिथेच राहिली, कारण सबळ कारणाशिवाय जागा सहा महिने न वापरणे हेही बेदखलीचे कारण ठरते. नवे घर मिळाले ते 'लीव्ह अँड लायसन्स'वर, बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने. इथे भाडे बाजारभावाचे असते. गोठलेल्या भाड्याची जुनी सबब इथल्या मालकाला सांगता येत नाही. पण इथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. कलम १४ चा आधार त्याला सहज मिळत नाही; करारात जे लिहिले तेवढेच त्याचे. आणि करारात बहुतेक वेळा लिहिलेले असते की जागा आहे तशी पाहून घेतली.

पाच-सात वर्षे तोच करार दर वर्षी नव्याने होत राहतो. भाडे वाढते, रंग उडतो, नळ गळतात, बाथरूमची ओल बेडरूमच्या भिंतीत येते. तरी माणूस बोलत नाही. इथे आपल्या समाजाची वेगळी अडचण आहे. दुसरे घर शोधायला गेले की एजंट आधी नाव विचारतो आणि नाव ऐकून भाव किंवा उत्तर बदलतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांना भाड्याने किंवा विकत घर मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. ज्याला दुसरे घर सहज मिळते तो मालकाशी बरोबरीने बोलतो. ज्याला मिळत नाही तो भिंतीवर कॅलेंडर लावून ओल झाकतो. घर न मिळण्याचा भेदभाव असा घर मिळाल्यानंतरही चालू राहतो आणि पोपडे बनून भिंतीवर दिसतो.

म्हणूनच बोलायला शिकले पाहिजे, आणि बोलण्यापेक्षा लिहायला. भाडे वेळेवर द्यावे आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे आणि थकबाकीदाराची तक्रार कोणी ऐकत नाही. काय मोडले आहे, केव्हापासून, हे साध्या मराठीत लिहून पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवावे. जुन्या वाड्यात सहा घरे असतील तर सहा जणांनी मिळून एकच पत्र द्यावे. कायद्याने ती सोय मुद्दाम ठेवली आहे. अकरा महिन्यांचा करार नव्याने करताना, भाडेवाढीवर सही करण्याआधी, रंग कोणाचा, नळ कोणाचे, वायरिंग कोणाचे हे त्यात लिहून घ्यावे. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टात ही वाटणी तयार आहे. भिंतींना चुना, दारे-खिडक्यांना रंग, पाइप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, स्विच, कुलूप, खिडकीची काच भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो नमुना लागू होत नाही, पण आपल्या करारात त्यातली यादी घालायला कोणाची मनाई नाही.

मजल्लातली वाटणी आणि २०२१ ची वाटणी शेजारी ठेवली तर त्यांतले साम्य नजरेत भरते. इमारत टिकवणारे काम मालकाचे, रोजच्या वापराचे काम राहणाऱ्याचे. ही वाटणी नवीही नाही आणि परकीही नाही. शे-सव्वाशे वर्षांत पुण्याने दुरुस्ती कधी बंदुकीच्या धाकाने पाहिली, कधी कायद्याच्या पानावर पाहिली, कधी पुराच्या पाण्यात वाहून जाताना पाहिली. दोन माणसांनी समोरासमोर बसून, तुझे काम कोणते आणि माझे कोणते हे कागदावर मांडून केलेली दुरुस्ती मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आली. पुढच्या ईदच्या आधी आपल्यापैकी काहींनी तरी असा कागद मालकापुढे ठेवावा.